वाचकांचे प्रश्न : फाट्यापासून गावापर्यंत

या महिन्याच्या टपालात सोलापूर जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रे प्रवासाविषयीची आहेत. अकरा तालुक्यांचा हा जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटर पसरलेला आहे आणि करमाळ्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडावे लागते. तरीही पत्रे वाचताना असे दिसले की या लांबच्या अंतराची तक्रार जवळजवळ कोणीच केलेली नाही. सगळ्यांची अडचण फाटा आणि गाव यांच्यामधल्या चार-सहा किलोमीटरांची आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचे गाव मोठ्या रस्त्यापासून सहा किलोमीटर आत आहे. पूर्वी सकाळी सव्वासातला गावातून तालुक्याला गाडी जात असे. करोनाच्या काळात ती थांबली आणि पुन्हा सुरू झालीच नाही. अकरावी-बारावीच्या एकोणीस मुली आता फाट्यापर्यंत चालत जातात. आम्ही दोनदा निवेदन दिले, दोन्ही वेळा "बघू" असे उत्तर मिळाले. आता काय करावे?
— ग्रामपंचायत सदस्या, सीनाकाठचे एक गाव

ताई, आपली गाडी का गेली हे आधी नीट समजून घेतले, तर ती परत कशी मागायची हे ठरवता येईल. मार्च २०२० मध्ये सगळीच वाहतूक थांबली. ती सावरते न सावरते तोच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. या काळात जुन्या गाड्या बाद होत गेल्या, नव्या त्या प्रमाणात आल्या नाहीत, आणि एकेकाळी अठरा हजारांच्या घरात असलेला एसटीचा ताफा पंधरा हजारांच्या आसपास आला. गाड्या कमी पडल्या की आगार लांब पल्ल्याच्या आणि तालुक्या-जिल्ह्याला जोडणाऱ्या फेऱ्या सांभाळते. ज्या फेरीसाठी गाडीला सहा किलोमीटर आत शिरून त्याच वाटेने सहा किलोमीटर परत यावे लागते, ती फेरी सर्वांत आधी कापली जाते. आपल्या गावावर कोणाचा राग होता असे नाही. कागदावर ती फेरी सर्वांत दुबळी दिसत होती.

म्हणून "आमच्या गावाला गाडी सुरू करावी" एवढ्या एका वाक्याच्या निवेदनाने काम होत नाही. एका चालक-वाहकाच्या दिवसभराच्या कामात पाच-सहा फेऱ्या एकमेकींत गुंफलेल्या असतात, आणि आपली सव्वासातची फेरी त्या गुंफणीत कोठे बसेल हाच आगार व्यवस्थापकासमोरचा खरा प्रश्न असतो. तो त्यांच्यासाठी आपणच अर्धा सोडवून द्यावा. कोणत्या महाविद्यालयाचा वर्ग किती वाजता भरतो व सुटतो, कोणत्या वर्गातल्या किती मुली आहेत, बाजाराच्या दिवशी किती माणसे जातात, दूध आणि भाजीपाला घेऊन जाणारे किती, शनिवारी वेळ वेगळी असते का, हे सारे एका पानात लिहावे आणि त्याला ग्रामसभेचा ठराव जोडावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच बाजूच्या शेजारच्या दोन-तीन गावांनाही सोबत घ्यावे. गाडी एका फाट्याने आत येऊन गावे घेत दुसऱ्या फाट्याने बाहेर पडू शकत असेल, तर तिला आल्या वाटेने रिकामे परतावे लागत नाही आणि भारमानाचा, म्हणजे किती आसने भरली याचा, आकडा सुधारतो. एका गावाच्या मागणीपेक्षा चार गावांची अशी माळ कितीतरी वजनदार ठरते.

पैशाची बाजूही आपल्याला माहीत असलेली बरी. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा १०.०५ रुपयांचा झाला आहे. आपल्या एकोणीस मुलींना मात्र हे भाडे द्यावे लागू नये, कारण अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, तर इतर विद्यार्थ्यांना मासिक पास एक तृतीयांश रकमेत मिळतो. "या मुली फुकट प्रवास करतात, त्यांच्यासाठी गाडी कशी परवडेल?" असे कोणी म्हणाले, तर शांतपणे सांगावे की या सवलतीची भरपाई राज्य शासन महामंडळाला देते, म्हणजे त्या मुलीही पैसे देणाऱ्या प्रवासीच आहेत. गाडी नसली तरी पाससाठी शाळेचा दाखला आणि अर्ज भरून ठेवावेत. पाससाठी आलेले एकोणीस अर्ज ही आगाराच्या दप्तरात राहणारी नोंद असते. निवेदनावरच्या दोनशे सह्यांना ते मोल नसते. २०२४ पासून पास शाळेतच देण्याची मोहीम एसटीने सुरू केली आहे, तेव्हा मुख्याध्यापकांना या कामात आवर्जून सामील करून घ्यावे.

गाडी सुरू झाल्यावरची एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. प्रत्येक माणसाने प्रत्येक वेळी तिकीट मागून घ्यावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, पण त्यांनाही शून्य रकमेचे तिकीट मिळते आणि तेही मोजले जाते. दोन किलोमीटरसाठी "राहू द्या हो" म्हणत विनातिकीट बसणारा माणूस त्या दिवशी फेरीच्या हिशेबात नसतोच, आणि अशी माणसे रोज वाढली की वर्षाअखेरीस भरलेली गाडीसुद्धा कागदावर रिकामी ठरते. चांगल्या चालणाऱ्या फेऱ्या या एका सवयीने बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता रस्ता. आपल्या गावाचा रस्ता प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेला असेल, तर डांबराची रुंदी बहुधा पावणेचार मीटर असते. त्यावरून एक गाडी सहज जाते. समोरून उसाची जोड-ट्रॉली आली, तर मात्र एकाला बाजूपट्टीवर उतरावे लागते, आणि बाजूपट्टी खचलेली असली किंवा वेड्या बाभळीने व्यापलेली असली की चालक नाइलाजाने तक्रार नोंदवतो. गावात गाडी वळवायला जागा आहे का, ओढ्यावरचा पूल किती पावसात पाण्याखाली जातो, याचीही पाहणी फेरी मंजूर करण्यापूर्वी होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुराने नदीकाठच्या रस्त्यांचे काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिलेच आहे. बाभळी तोडणे आणि वळणाची जागा मोकळी करणे ग्रामपंचायतीला करता येईल. पुलासाठी बांधकाम विभागाकडे वेगळा पाठपुरावा करावा लागेल.

निवेदन कोणाकडे द्यावे? प्रथम आगार व्यवस्थापकांकडे द्यावे आणि पोच घ्यावी. महिन्याभरात हालचाल झाली नाही, तर सोलापूरच्या विभाग नियंत्रकांकडे जावे. २०२४ मध्ये एसटीने "प्रवासी राजा दिन" सुरू केला, त्यात विभाग नियंत्रक ठरलेल्या दिवशी आगारात बसून प्रवाशांची गाऱ्हाणी लेखी घेतात. आपल्या आगाराची तारीख विचारून चार गावांनी एकत्र जावे. तरीही "बघू" हेच उत्तर राहिले, तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून ती फेरी कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने आणि किती भारमान असताना बंद केली, हे विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि अनेकदा अर्ज पोचल्यावरच जुने दप्तर उघडले जाते. या सगळ्याला मार्च-एप्रिलमध्ये हात घालावा. जूनमध्ये वेळापत्रक ठरून गेलेले असते, आणि आषाढीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या आगारांचा सारा जीव पंढरपूरच्या यात्रेत गुंतलेला असतो. त्या पंधरवड्यात नव्या फेरीचा विचार कोणीही करू शकत नाही.

प्रश्न : मी बारा वर्षे वडाप चालवतो. फाटा ते गाव आणि बाजाराच्या दिवशी तालुक्यापर्यंत लोकांना नेतो. गाडी पांढऱ्या पाटीची आहे. लोक मला बेकायदा म्हणतात, पण रात्री अपरात्री तेच लोक मला उठवतात. माझा धंदा कायद्यात बसवता येईल का?
— एक जीपचालक, मंगळवेढा तालुका

आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. ज्या गावात संध्याकाळी सहानंतर गाडी नाही, तेथे वडाप बंद करा असे म्हणणारा माणूस त्या गावात राहत नसतो. तरीही आपण ज्या धोक्यात गाडी चालवत आहात तो स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे.

खासगी नोंदणीच्या, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे घेऊन माणसे नेणे हा परवान्याविना वाहतूक करण्याचा गुन्हा आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड दहा हजार रुपये आहे. क्षमतेपेक्षा अधिक बसवलेल्या प्रत्येक प्रवाशामागे दोनशे रुपये वेगळे. पण दंडाची चिंता दुय्यम आहे. अपघात झाला आणि गाडी परवान्यात नसलेल्या कामासाठी वापरली असे सिद्ध झाले, तर विमा कंपनी भरपाईची जबाबदारी नाकारू शकते किंवा जखमींना दिलेली रक्कम नंतर आपल्याकडून वसूल करू शकते. बारा वर्षांत जमवलेली दोन एकर जमीन एका वळणावर जाऊ शकते, आणि आपल्या गाडीत बसलेल्या शेजाऱ्याच्या घरी कदाचित काहीच पोचणार नाही.

मार्ग आहे. चालक वगळून सातपासून बारा प्रवाशांपर्यंतच्या वाहनाला कायद्यात मॅक्सीकॅब म्हणतात. अशी गाडी वाहतूक वाहन म्हणून पिवळ्या पाटीवर नोंदवून कंत्राटी परवाना घेता येतो, आणि तिच्यात प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेण्याची मुभा कायद्याच्या व्याख्येतच आहे. वाटेत हात दाखवेल तेथे थांबून माणसे चढवणे-उतरवणे हे मात्र टप्पा वाहतुकीत मोडते आणि तो अधिकार आपल्या राज्यात बहुतांशी एसटीकडेच राखलेला आहे. आपला मूळ धंदा फाटा ते गाव असा दोन टोकांचा असल्याने आपल्याला ही अट फारशी जाचक ठरू नये. जिल्ह्यात सोलापूर आणि अकलूज येथे परिवहन कार्यालये आहेत. आपला तालुका ज्याच्याकडे येतो तेथे आधी आपली गाडी नोंदणी बदलण्यास पात्र आहे का हे विचारावे, कारण फार जुन्या गाडीवर हा खर्च करणे शहाणपणाचे ठरणार नाही. वाहतूक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते, आणि विमा प्रवाशांसह घ्यावा लागतो. परवान्याच्या (लायसन्सच्या) बाबतीत एक दिलासा आहे : हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

माझे स्वतःचे मत असे आहे की फाटा ते गाव हे अंतर परवानाधारक लहान गाड्यांकडे सोपवावे आणि एसटीने फाट्यावरून जाणाऱ्या मुख्य फेऱ्या वेळेवर चालवाव्यात. तमिळनाडूने १९९७ मध्येच, जेथे बस पोचत नाही अशा मार्गांवर खासगी मिनीबसना परवाने देण्याची योजना सुरू केली. आपल्याकडे मोठी गाडी सहा किलोमीटर आत जाईल की काहीच जाणार नाही, असे दोनच पर्याय गावासमोर ठेवले जातात. एक अडचण मात्र मी लपवणार नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि जेथे गाडी पोचत नाही तेथील बाई जीपचे पूर्ण भाडे देते. म्हणजे ज्या बाईला सवलतीची सर्वाधिक गरज आहे तिच्याच वाट्याला ती येत नाही. लहान गाड्यांना परवाने द्यायचे असतील, तर शासनाने त्यांच्यातील महिला, वृद्ध आणि विद्यार्थी यांच्या भाड्याचाही विचार केला पाहिजे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सोलापूरला न्यावे लागते. जाताना गाडी मिळते. परत फाट्यावर उतरेपर्यंत अंधार होतो आणि पुढे पाच किलोमीटर काहीच नसते. १०८ ला फोन केला तर चालेल का?
— एक गृहिणी, अक्कलकोट तालुका

१०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या प्रसंगासाठी आहे. उपचारानंतर घरी सोडण्याचे काम तिचे नाही, आणि ती त्या कामात गुंतली तर दुसऱ्या कोणाच्या प्राणाशी गाठ पडू शकते. गरोदर माता आणि लहान बाळांना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची मोफत सेवा आहे, पण आपल्या सासूबाई तिच्यात बसत नाहीत. मात्र डायलिसिसनंतर घरी आल्यावर दम लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर क्षणाचाही विचार न करता १०८ ला फोन करावा.

पहिले काम म्हणून डायलिसिस केंद्रात सकाळची पाळी मागावी. बाहेरगावच्या रुग्णाला ती मिळावी ही मागणी रास्त आहे, आणि शेवटच्या गाडीची वेळ लिहून दिली तर केंद्रातले लोक बहुधा समजून घेतात. दुसरे, आपल्या गावात बचत गटांचा ग्रामसंघ असेल, तर त्याच्या बैठकीत हा विषय काढावा. केंद्र शासनाने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस नावाची योजना आणली, तिच्यात संघ गटातल्या सदस्येला गाडी घेण्यासाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज देतो, किंवा स्वतः गाडी घेऊन तिला भाडेतत्त्वावर चालवायला देतो. आपल्या तालुक्यात तिचा लाभ घेता येतो का, हे "उमेद" अभियानाच्या तालुका कक्षात विचारावे. तो मिळाला नाही, तरी गावातल्या एखाद्या परवानाधारक रिक्षावाल्याशी मंगळवार-शुक्रवारची अशी ठरलेली वेळ महिन्याच्या बोलीने बांधून घेता येते. त्या वेळी फाट्यावर उतरणारी आणखी तीन-चार माणसे असतातच. ती रोज वेगवेगळी वाट पाहत बसतात एवढेच.

आणि एक जुनी गोष्ट सुचवतो. आपल्या भागात मुक्कामी गाडी होती का, हे थोरामोठ्यांना विचारा. संध्याकाळी शेवटची गाडी गावात येई, चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर झोपत आणि तीच गाडी पहाटे तालुक्याला निघे. माझ्या लहानपणी घरचे औषध याच गाडीने येत असे. वाहक पिशवी खिडकीतून देत आणि पैसे उद्या घेत. एका मुक्कामी फेरीने रात्री परतणारा रुग्ण आणि सकाळचा विद्यार्थी असे दोघेही सांभाळले जातात. ती मागायची तर गावाने चालक-वाहकांसाठी दार असलेली खोली, पंखा, पाणी आणि स्वच्छ शौचालय देण्याची लेखी तयारी दाखवावी. आज कोणी ओट्यावर झोपावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. कॉलेज नऊ किलोमीटरवर. त्याला मोटारसायकल द्यावी का?
— एक पालक, माळशिरस तालुका

देऊ नये. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षांखाली मिळत नाही, आणि अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या तालुक्यात गळिताच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या पहाटेपासून रस्त्यावर असतात, हे मी आपल्याला सांगायला नको. ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग आणि २५० वॉटपर्यंत शक्ती असलेल्या विजेच्या दुचाकीला परवाना व नोंदणी लागत नाही. तीही हेल्मेटसह आणि दिवसाउजेडीच द्यावी. एसटीचा पास आणि फाट्यापर्यंत सायकल ही जोडी जमत असेल, तर ती सर्वांत बरी.

प्रश्न : आमच्या गावापासून रेल्वे स्थानक चार किलोमीटरवर आहे, पण गाड्या थांबत नाहीत किंवा थांबतात तेव्हा पुढे जायला वाहन नसते. रेल्वेचा उपयोग खेड्याला होऊच शकत नाही का?
— निवृत्त शिक्षक, माढा तालुका

गुरुजी, आपला तालुका तर याचे उत्तर पूर्वीच देऊन बसला आहे. कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी वारकरी, धान्य, गुरांचे व्यापारी अशा सगळ्यांची होती. आता तो मार्ग रुंद झाला आहे, गाड्या वेगवान झाल्या आहेत, आणि वेगासाठी लहान स्थानके मागे पडली आहेत.

थांब्याची मागणी विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे आणि विभागाच्या प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्यांमार्फत करता येते. थांबा बहुधा आधी प्रायोगिक तत्त्वावर मिळतो आणि त्या काळात त्या स्थानकावरून किती तिकिटे विकली गेली हे पाहून तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरते. येथेही वर पहिल्या पत्राच्या उत्तरात सांगितलेलीच गोष्ट लागू पडते. आपले लोक कुर्डुवाडीला जाऊन तिकीट काढत असतील, तर तो प्रवासी कुर्डुवाडीचा मोजला जातो. तिकीट आपल्या स्थानकाच्या खिडकीवरच काढावे.

पुढच्या चार किलोमीटरांसाठी गाडीच्या वेळेशी जोडलेली एसटीची फेरी मागावी. जेऊरला उतरून करमाळ्याला किंवा अक्कलकोट रोडला उतरून अकरा किलोमीटरवरच्या अक्कलकोटला जाणाऱ्या माणसाची अडचण आपल्यासारखीच आहे, तेव्हा ही मागणी आपल्या एका गावाची म्हणून न मांडता स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या गावांनी मिळून मांडावी, आणि अर्जात गाडीचा क्रमांक, ती प्रत्यक्षात पोचते ती वेळ आणि महिनाभर रोज उतरलेल्या माणसांची मोजणी लिहावी. ही मोजणी आपले दहावीचे विद्यार्थी फलाटावर उभे राहून सहज करू शकतील. ती झाली की माझ्याकडे एक प्रत पाठवावी. अर्जाचा मसुदा मी करून देईन.